हृदयविकार: कुठे धावायचं आणि कुठे थांबून विचारायचं

हृदयाच्या दुखण्यात दोन अगदी वेगळे प्रसंग येतात. एकात मिनिटं मोजावी लागतात: रक्तवाहिनी अचानक बंद पडलेली असते आणि जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर हृदयाच्या स्नायूचा आणखी थोडा भाग कायमचा मरत असतो. दुसऱ्यात काही दिवस, कधी काही आठवडेही हाताशी असतात: चढ चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, तपासणीत कुठेतरी ‘ब्लॉकेज’ दिसतं. गंमत म्हणजे माणसं नेमकी उलटी वागतात. मध्यरात्री छाती आवळून दरदरून घाम फुटला तर ‘गॅस असेल, सकाळी बघू’ म्हणून कूस बदलतात. आणि कित्येक महिने एकसारख्या असलेल्या त्रासासाठी केलेल्या अँजिओग्राफीत (रंगद्रव्य सोडून काढलेल्या वाहिन्यांच्या चित्रात) ७० टक्के अडथळा निघाला, की टेबलावर झोपल्या झोपल्याच स्टेंटच्या (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या) कागदावर सही करून मोकळी होतात.

लक्षणं, तपासण्या आणि उपचार यांची पुढची सगळी माहिती या एका फरकाभोवती मांडली आहे.

आधी थोडं आतलं

हृदय हा चार कप्प्यांचा स्नायू. त्याला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी वाहिन्या, रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा, आणि ठोक्यांचा ताल सांभाळणारी विजेची यंत्रणा. बिघाड यापैकी कशातही होतो. वाहिन्या अरुंद होतात, झडप आकसते किंवा गळू लागते, ताल चुकतो, स्नायू दुबळा किंवा ताठर होतो. काहींच्या हृदयाच्या रचनेतच जन्मतः दोष असतो. ‘हार्टचा त्रास’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्या मोठ्या माणसांत पहिला प्रकार सर्वांत जास्त, म्हणून त्यावर जास्त बोलू.

वाहिनीच्या अस्तराखाली एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल साचत जातं, त्याभोवती दाह होतो आणि वर्षानुवर्षं थर वाढत राहतो. ही सुरुवात तरुणपणीच झालेली असते. थराने वाट बरीच अडवली की विश्रांतीत रक्त पुरतं, पण श्रम केले की कमी पडतं. हा अँजायना. अटॅकची गोष्ट निराळी. तिथे बहुतेकदा थरावरचं पातळ आवरण, पिकलेलं गळू फुटावं तसं, फाटतं. आतला ऐवज रक्ताला लागतो आणि काही मिनिटांत गुठळी धरून वाहिनी बंद होते. फाटणारा थर मोठा असायलाच हवा असं नाही. अटॅकला कारण ठरलेल्या अनेक थरांनी आदल्या दिवसापर्यंत निम्मी वाटही अडवलेली नसते. ‘मागच्या वर्षी स्ट्रेस टेस्ट छान होती, मग अटॅक आला कसा?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वाहिनीतला सर्वांत मोठा अडथळा उघडला म्हणजे पुढचा अटॅक टळला असं का नाही, तेही इथेच कळतं.

धोका कुणाला, याचं मोठं उत्तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने दिलं. ५२ देशांतल्या लोकांची पाहणी झाली आणि पहिल्या अटॅकचा ९० टक्क्यांहून अधिक धोका नऊ मोजता येण्याजोग्या गोष्टींशी जोडलेला दिसला. त्यांत तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर आणि मानसिक ताण हे ठळक. याशिवाय वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो घरचा इतिहास डॉक्टरांना आपण होऊन सांगावा. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असणं आणि पाळी फार लवकर जाणं यांनीही बाईचा धोका वाढतो. हे मात्र विचारलं जात नाही, आणि सांगितलंही जात नाही.

दुखण्याची रीत ओळखा

नुसतं ‘छातीत दुखतं’ यावरून फारसं कळत नाही. कशाने येतं, किती वेळ राहतं, कशाने थांबतं, ही तीन उत्तरं हवीत.

अँजायनाची चाल ठरलेली असते. जागा छातीच्या मधोमध, हाडामागे. रुग्ण ती बोटाने दाखवत नाही, तळवा किंवा मूठ ठेवून दाखवतो. तो ‘दुखतं’ असंही फार वेळा म्हणत नाही. दडपण, आवळल्यासारखं, जड, कोंडल्यासारखं, कधी जळजळ, असे शब्द येतात. जिना, चढ, भरल्या पोटी चालणं, थंडी, संताप यांनी त्रास सुरू होतो आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत ओसरतो. हाच त्रास डाव्या किंवा दोन्ही हातांत, गळ्यात, जबड्यात, पाठीच्या वरच्या भागात किंवा बेंबीच्या वर जाणवू शकतो, आणि छातीत काहीच नसू शकतं. चाललं की जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, असं असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी ईसीजी काढलेला बरा.

अटॅकमध्ये हेच दडपण विश्रांतीत येतं किंवा विश्रांती घेऊनही जात नाही. १५-२० मिनिटं उलटतात, घाम फुटतो, मळमळतं, उलटी होते, चेहरा पांढराफटक पडतो. अनेकांना काहीतरी भयंकर घडतंय असं आतून वाटतं. ती भावनाही लक्षणातच धरावी.

मधुमेह असलेल्यांत, वयस्करांत आणि बायकांत चित्र अनेकदा धूसर असतं: अचानक धाप, न सांगता येणारा थकवा, पोटात ढवळणं, घाम, एवढंच. मधुमेहात नसा बधिर झाल्याने अटॅक न दुखता येऊन जातो आणि महिन्यांनी काढलेल्या ईसीजीत त्याची खूण सापडते.

याउलट, एका बोटाने दाखवता येणारी टोचणी, क्षणभरात जाणारी चमक, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी. पण या खुणा डॉक्टरांना मदत म्हणून आहेत. घरबसल्या स्वतःला निर्दोष सोडण्यासाठी नाहीत. श्वासाबरोबर वाढणारं दुखणं फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचं असू शकतं. एकाएकी पाठीत फाडल्यासारखी कळ आली तर महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) चिरल्याची शंका घ्यावी लागते. आणि ॲसिडिटीचं औषध घेऊन बरं वाटलं, म्हणजे ॲसिडिटीच होती, हा तर्क मुळीच धरू नका. योगायोगाने त्याच वेळी अँजायना ओसरलेला असू शकतो.

दोन प्रसंगांच्या मधली एक अवस्था आहे आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. त्रास नव्यानेच सुरू झालाय, किंवा आधी दोन जिने चढल्यावर येणारा त्रास आता अंघोळ करताना येतो, किंवा बसल्या जागी यायला लागलाय. हा अस्थिर अँजायना. दुखणं थांबलेलं असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

अटॅकची शंका आली तर

पहिलं: चालणं-फिरणं बंद. जिथे असाल तिथे बसवा, पाठीला आधार द्या, कपडे सैल करा. पाणी आणा, शेजाऱ्याला विचारा, इंटरनेटवर शोधा, हे नंतर.

दुसरं: रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. वाटेत ताल बिघडला तर शॉक देण्याचं यंत्र रुग्णवाहिकेत असतं, गाडीत नसतं. ती मिळणारच नसेल तर दुसऱ्या कुणीतरी न्यावं, आणि शक्यतो जिथे चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करायची जागा) चालू असते तिथे. आपल्या जवळ अशी जागा कुठली, हे आजच माहीत करून ठेवा. त्या रात्री शोधत बसायला वेळ नसतो.

तिसरं: ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चावून खायला द्या. गिळली तर उशिरा लागू पडते. ॲस्पिरिनची ॲलर्जी, चालू रक्तस्राव, किंवा तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं अशी पक्षाघाताची लक्षणं असतील तर देऊ नका. दुखणं पाठ फाडल्यासारखं असेल तरीही नको.

चौथं: अँजायनासाठीची जिभेखालची गोळी आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, आणि बसवूनच. तिने रक्तदाब पडतो, उभा माणूस कोसळू शकतो. लैंगिक ताकदीसाठी गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल तर ती गोळी धोकादायक आहे. लाजेपोटी हे लपवलं जातं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला स्पष्ट सांगा.

पाचवं: दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. पुढचे बरेच निर्णय त्या वेळेवर होतात.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल, तर प्रकरण अटॅकच्या पुढे गेलंय. रक्तवाहिनी बंद पडली तो अटॅक. हृदयाने रक्त ढकलणंच थांबवलं तो कार्डिॲक अरेस्ट. अधूनमधून घोरल्यासारखी उचकी येते, तिला श्वास समजू नका. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, कोपर ताठ ठेवून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. शॉक देण्याचं यंत्र जवळ असेल तर चालू करा, ते स्वतःच बोलून सूचना देतं. ‘जोरात खोकत राहा, अटॅक टळेल’ हा मोबाईलवर फिरणारा सल्ला सोडून द्या. त्यात जाणारा वेळ हाच त्याचा अपाय.

रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघायला हवा. त्यात एसटी भाग वर उचललेला दिसला म्हणजे मोठी वाहिनी पूर्ण बंद आहे. मग दोन रस्ते: लगेच अँजिओप्लास्टी करून, म्हणजे नळीतून फुगा आणि स्टेंट नेऊन, वाहिनी उघडणं, किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणं शक्य नसेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास झाले नसतील, तर इंजेक्शन देऊन मग मोठ्या रुग्णालयात हलवतात. या क्षणी दुसरं मत, तिसरं मत, गावाहून कुणी येईपर्यंत थांबू, असलं काही नाही. इथे सही पटकन करायची.

ईसीजी स्पष्ट नसेल तर रक्तातलं ट्रोपोनिन पाहतात. स्नायूला इजा झाली की ते वाढतं, पण वाढायला वेळ लागतो. म्हणून एक ते तीन तासांनी, किंवा साधी चाचणी असेल तर सहा तासांनी, पुन्हा बघावं लागतं. पहिला आकडा ठीक आला म्हणून ‘आम्ही निघतो’ म्हणू नका. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात किंवा तीव्र जंतुसंसर्गातही ट्रोपोनिन वाढलेलं असतं. त्यामुळे एका आकड्यापेक्षा तो चढतोय का, हे महत्त्वाचं.

तातडी नसेल तर: तपासण्यांचा क्रम

इथून पुढे वेग कमी करा. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते, आणि भलत्या तपासणीला भलता प्रश्न विचारला की खोटा दिलासा मिळतो किंवा नाहक भीती बसते.

साध्या गोष्टी आधी. रक्तदाब मोजताना पाच मिनिटं शांत बसलेले, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर आणि तोंड बंद. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहत असेल तर तो वाढलेला धरतात. रक्तात कोलेस्टेरॉल, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा), थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिन फार उतरलं की वाहिन्या बऱ्या असूनही अँजायना होऊ शकतो, आणि त्यावर उपाय अगदीच वेगळा.

ईसीजी त्या काही सेकंदांचं चित्र देतो. अँजायना असलेल्या अनेकांचा विश्रांतीतला ईसीजी स्वच्छ असतो. उलट पट्टीच्या वरच्या बाजूला यंत्राने छापलेली निदानं वाचून घाबरू नका. तो यंत्राचा अंदाज आहे आणि वरचेवर चुकतो. पट्टी डॉक्टरांनी डोळ्यांनी वाचायची असते. जुनी पट्टी सोबत न्या, आजची तिच्याशी ताडून पाहणं फार मोलाचं ठरतं. धडधड अधूनमधून होत असेल तर २४ ते ४८ तास अंगावर लावायचा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र.

टूडी इको म्हणजे सोनोग्राफीच. कप्पे, झडपा आणि स्नायूची हालचाल दिसते. कोरोनरी वाहिन्यांतले अडथळे दिसत नाहीत. ‘इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही’ हे चूक. त्यात ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ किंवा ईएफ नावाचा आकडा येतो: एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडलं ते. ५५ ते ७० हे सामान्य. हृदय कधीच पूर्ण रिकामं होत नाही, त्यामुळे ६० आकडा पाहून ‘४० टक्के हृदय गेलं’ असं समजू नका. ४० किंवा खाली असेल तर मात्र काळजी करण्याजोगं.

स्ट्रेस टेस्टमध्ये फिरत्या पट्ट्यावर चालवतात. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. २२० उणे वय या आकड्याच्या ८५ टक्के ठोके गाठले तर तपासणी पुरेशी झाली असं धरतात. तिथवर पोहोचण्याआधीच दम लागून थांबलात तर ‘निगेटिव्ह’ला फारसा अर्थ उरत नाही. बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध) घेत असाल तर तपासणीआधी तो थांबवायचा का, हे आधी विचारा. बायकांत ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त आहे. गुडघे साथ देत नसतील तर औषधाने ठोके वाढवून इको किंवा न्यूक्लिअर स्कॅन करता येतो.

सीटी अँजिओग्राफीचं खरं बळ ‘अडथळा नाही’ हे खात्रीने सांगण्यात. ठोके साठच्या आसपास असतील तर चित्र स्वच्छ येतं, म्हणून आधी गोळी देतात. रंगद्रव्य टोचावं लागतं, तेव्हा क्रिएटिनिन आणि ॲलर्जीची माहिती आधी द्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा. कॅल्शियम स्कोअर वेगळा, त्याला रंगद्रव्य लागत नाही. शून्य आला तर पुढच्या काही वर्षांचा धोका कमी, ४०० च्या वर गेला तर बराच जास्त. पण तरुण माणसाला लक्षणं असतील तर नुसत्या शून्यावर विसंबू नये. मऊ थरात कॅल्शियम नसतं.

कॅथेटरची अँजिओग्राफी सर्वांत शेवटी. मनगटातून किंवा जांघेतून नळी वाहिनीच्या तोंडाशी नेतात, जागा बधिर करतात, माणूस जागा असतो. सुरक्षित असली तरी रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण आणि क्वचित पक्षाघात हे धोके आहेत, म्हणून ‘एकदा बघून घेऊ’ या भावनेने करायची गोष्ट नाही. तिच्यातले टक्के बहुतेकदा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो; तीच फिल्म पाहून एक डॉक्टर ६० म्हणतो, दुसरा ७५. शंका असेल तर वाहिनीत तार घालून अडथळ्याच्या पुढे दाब किती उरतो ते मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात. तो ०.८० च्या वर असेल तर तो अडथळा दिसायला कसाही असो, बहुधा त्रासाचं कारण नाही.

ज्याला काहीच त्रास नाही आणि धोकाही कमी आहे, त्याने पॅकेजात आहे म्हणून स्ट्रेस टेस्ट करून घेणं मला पटत नाही. खोट्या पॉझिटिव्हपासून सुरू झालेली साखळी अँजिओग्राफीच्या टेबलापर्यंत जाते.

स्थिर त्रासावर उपचार ठरवताना

या भागात वाचकाने सर्वांत जास्त वेळ घालवावा असं मला वाटतं.

अटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात शंका नाही. स्थिर अँजायनात मात्र हिशेब बदलतो. २००७ चा करेज आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला इस्केमिया, या दोन मोठ्या चाचण्यांत एका गटाला उत्तम औषधं आणि दुसऱ्याला औषधांच्या जोडीला स्टेंट दिले. इस्केमियात गरजेप्रमाणे बायपासही (अडथळ्याला वळसा घालून नवी वाहिनी जोडण्याची शस्त्रक्रिया). मृत्यू आणि अटॅक यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना त्रास वरचेवर होत होता, त्यांना तो स्टेंट किंवा बायपासनंतर जास्त कमी झाला. म्हणजे स्थिर रुग्णासाठी स्टेंट मुख्यतः लक्षणांवरचा उपाय. औषधं नीट चालू असूनही जिना चढता येत नसेल तर तो घ्यावा, जरूर घ्यावा. नुसत्या टक्क्यांच्या भीतीपोटी नको. याला अपवाद आहेत: डाव्या मुख्य वाहिनीत ५० टक्के किंवा जास्त अडथळा, ईएफ बराच खाली गेलेला, किंवा त्रास वेगाने वाढत चाललेला.

म्हणून अँजिओग्राफीला जाण्याआधीच, बाहेर बसून, डॉक्टरांना विचारा: अडथळा सापडला तर त्याच बैठकीत स्टेंट टाकणार का? न टाकता फिल्म घेऊन बाहेर येऊन बोलता येईल का? स्टेंटने माझं नेमकं काय सुधारेल, त्रास की आयुष्य? औषधांवर तीन महिने राहून पाहिलं तर काय बिघडेल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

औषधांत स्टॅटिन पहिलं. ते एलडीएल उतरवतंच, शिवाय थराचं आवरण घट्ट करतं. आजार सिद्ध झालेल्यांत एलडीएल ७० च्या खाली, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्या खाली हवं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं ही नित्य दिसणारी गोष्ट. रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो. स्नायू दुखले तर बंद न करता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. लघवी गडद झाली तर मात्र त्याच दिवशी कळवा. जोडीला ॲस्पिरिन, ठोके कमी करणारी औषधं, रक्तदाबाची आणि साखरेची औषधं गरजेप्रमाणे.

स्टेंट टाकल्यावर ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखं दुसरं औषध लागतं: अटॅकनंतर साधारण वर्षभर, स्थिर रुग्णात साधारण सहा महिने. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. ते मध्येच स्वतःहून थांबवलं तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती जीवघेणी असते. दात काढायचा असो की दुसरी कुठली शस्त्रक्रिया, गोळी थांबवण्याचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

बायपास हा स्टेंटचा मोठा भाऊ नव्हे. त्याची जागा वेगळी आहे. तिन्ही वाहिन्यांत पसरलेला आजार, विशेषतः सोबत मधुमेह असताना, डाव्या मुख्य वाहिनीचा गुंतागुंतीचा अडथळा किंवा दुबळा स्नायू असेल तर तो जास्त टिकाऊ ठरतो. छातीच्या आतली धमनी वळवून जोडली तर दहा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ जणांत चालू असते. पायाची शीर तेवढी टिकत नाही. छातीचं हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर जड उचलणं, ओढणं, ढकलणं बंद, आणि खोकताना छातीशी उशी घट्ट धरायची. बायपासनंतरचे पहिले काही आठवडे उदास वाटणं, झोप न लागणं, मन न लागणं हे सर्रास होतं. घरच्यांनी त्याला नाटक म्हणू नये. लांबलं तर त्यावरही उपचार घ्यावेत.

स्नायू, ताल आणि झडपा

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय थांबलेलं नसतं, गरजेइतकं रक्त ढकलू शकत नसतं. आडवं झालं की धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, रात्री गुदमरून जाग येते, पायांवर दाबलं की खड्डा पडतो. ईएफ कमी असलेल्यांसाठी आता चार गटांची औषधं एकत्र देतात, आणि त्यांतला एक गट मुळात मधुमेहासाठी तयार झाला होता. म्हणून साखर नसताना ‘शुगरची गोळी’ लिहिलेली दिसली तर डॉक्टर चुकले असं समजू नका. पाण्याची गोळी सूज आणि धाप उतरवते. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, साठलेलं पाणी आहे; फोन करा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या यात टाळायच्या, त्यांनी शरीरात पाणी साठतं.

तालाच्या आजारांत सर्वांत जास्त भेटतो तो एट्रियल फिब्रिलेशन. मनगटावर बोटं ठेवलीत तर नाडी कसल्याच हिशेबात बसत नाही, अगदी बेताल लागते. त्रास नसला तरी हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. त्यासाठी रक्त गोठू न देणारं औषध लागतं. ॲस्पिरिन हा त्याचा पर्याय नाही. ठोके फार मंद असतील आणि भोवळ येत असेल तर पेसमेकर. जीवघेण्या तालाचा धोका असेल तर आतूनच शॉक देणारं यंत्र बसवतात. श्रम करताना कुणी बेशुद्ध पडलं तर ते कितीही तरुण असो, पूर्ण तपासणीशिवाय पुन्हा मैदानावर पाठवू नका.

झडपा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने किंवा वाढत्या वयाने खराब होतात. आकसलेली मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) अनेकदा फुग्याने उघडता येते. बदलायची वेळ आली तर धातूची झडप टिकते पण आयुष्यभर वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) आणि आयएनआरची (रक्त किती उशिरा गोठतं त्याची) तपासणी मागे लावते. प्राण्याच्या ऊतीची झडप बहुधा दहा-पंधरा वर्षांनी झिजते. मूल हवं असलेल्या तरुण बाईने ही निवड करण्याआधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावंच, कारण वॉरफरिन गर्भाला अपायकारक आहे. महाधमनीची झडप २००२ पासून जांघेतून नळीनेही बसवता येते, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांना वाट मिळाली. कृत्रिम झडप असेल तर दातांच्या उपचाराआधी अँटिबायोटिक लागतं का ते विचारून घ्या.

घरी आल्यावर

अटॅक किंवा शस्त्रक्रियेनंतर देखरेखीखालचा व्यायाम, आहार आणि समुपदेशन यांचा कार्यक्रम असतो, त्याला कार्डिॲक रिहॅबिलिटेशन म्हणतात. तो मिळत असेल तर सोडू नका. नसेल तर सपाटीवर थोडं थोडं चालणं वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. चालताना बोलता यावं इतपत वेग. दोन जिने दम न लागता चढता येत असतील तर शरीरसंबंधालाही सहसा हरकत नसते. हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिला.

तंबाखू सोडण्याला एकही गोळी तोडीस तोड नाही. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात तिच्यामुळे वाढलेला धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. मीठ सगळं मिळून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. बाजारातलं ‘कमी सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय वापरू नका: त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या आजारात किंवा काही औषधांसोबत ते घातक ठरतं. स्टॅटिन सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत एलडीएल पुन्हा तपासा. फ्लूची लस दरवर्षी घ्या.

एक फाईल करा. तिच्यात सर्वांत वर चालू औषधांची यादी, मात्रेसह. त्याखाली स्टेंटचं किंवा पेसमेकरचं कार्ड, शेवटचा ईसीजी, इकोचा रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी. नुसता कागद पुरत नाही, दुसरं मत देणाऱ्याला फिल्मच बघावी लागते. सीडी काही वर्षांनी उघडत नाही, म्हणून तिची एक प्रत काढून ठेवा. औषधांच्या यादीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या, आणि यादी बदलली की फोटोही बदला.